एकाच कॉर्डवर साडेतीन तास: एका ऑनलाइन अभ्यासक्रमाचे परीक्षण

मायनर-मेजर सेव्हन्थ ही कॉर्ड बोटांना अवघड नाही. पांढरी एक, म्हणजे पेटीवरची सी पट्टी, हा षड्ज धरला, तर सा, कोमल गंधार, पंचम आणि शुद्ध निषाद हे चार स्वर एकत्र वाजवले की ती तयार होते, आणि ज्याला साधी मायनर कॉर्ड वाजवता येते त्याला ती शिकायला दोन मिनिटेही लागत नाहीत. एवढ्याशा गोष्टीसाठी 11 व्हिडिओ, 34 पानांची सरावपुस्तिका आणि 12 बॅकिंग ट्रॅक (सरावासाठी मुद्रित केलेली साथ) असा अभ्यासक्रम 2,400 रुपये देऊन विकत घेताना मला बराच संकोच वाटला होता. तीन महिने तो वापरून झाल्यावर तो पैसे वाया घालवणारा नाही, एवढे म्हणता येते. मात्र त्याच्या जाहिरातीत ज्या गोष्टीचा सर्वाधिक गाजावाजा केला आहे ती त्याची सर्वांत दुबळी बाजू आहे, आणि ज्या दोन पाठांचा जाहिरातीत उल्लेखही नाही त्यांच्यासाठीच तो घ्यावा, असे माझे मत झाले आहे.

माझी पार्श्वभूमी सांगणे आवश्यक आहे, कारण या परीक्षणातले बरेचसे समाधान आणि बरीचशी तक्रार तिच्यातूनच आली आहे. मी भावगीतांच्या आणि नाट्यगीतांच्या कार्यक्रमांत हार्मोनियम व कीबोर्डची साथ करतो. राग कानावर आधी आले, कॉर्ड नंतर, आणि त्याही कोणाकडे रीतसर बसून शिकलेल्या नव्हेत, तर गिटार वाजवणाऱ्या सोबत्यांकडून तालमीत उचललेल्या. त्यामुळे मेजर, मायनर आणि सेव्हन्थ यांच्यापुढची नावे आली की मी बहुतेक वेळा मान हलवून वेळ मारून नेत असे. या कॉर्डचे नाव तर मुद्दाम गोंधळ उडवण्यासाठीच ठेवले असावे असे वाटते; एकच कॉर्ड मायनरही आणि मेजरही कशी असेल, असा प्रश्न कोणालाही पडावा.

पहिल्या दोन पाठांत या नावाची उकल चांगली केली आहे. नावातला पहिला शब्द गंधाराविषयी बोलतो आणि दुसरा निषादाविषयी, एवढे एक सूत्र लक्षात ठेवले की बहुतेक सेव्हन्थ कॉर्डांची नावे आपोआप सुटतात. गंधार कोमल म्हणून मायनर, निषाद शुद्ध म्हणून मेजर. दोन्ही कोमल असतील तर ती नुसती मायनर सेव्हन्थ, दोन्ही शुद्ध असतील तर मेजर सेव्हन्थ, आणि गंधार शुद्ध पण निषाद कोमल असेल तर जिला आपण नुसतेच सेव्हन्थ म्हणतो ती डॉमिनंट. शिक्षकांनी पुढे असेही दाखवले आहे की या कॉर्डमधला षड्ज काढून घेतला, तर उरलेले कोमल गंधार, पंचम आणि शुद्ध निषाद हे तीन स्वर मिळून ऑगमेंटेड त्रिस्वर तयार होतो. हा त्रिस्वर सप्तकाचे तीन अगदी सारखे भाग करतो, त्यामुळे त्यातला कोणता स्वर पायाचा, हे कानाला ठरवता येत नाही. म्हणजे खाली मायनरचा स्थिर पाया आणि वर अधांतरी तरंगणारे तीन स्वर, अशी ही रचना आहे. ही कॉर्ड ऐकल्यावर वाटणाऱ्या अस्वस्थतेचे इतके साधे स्पष्टीकरण मी याआधी ऐकले नव्हते.

याच ठिकाणी सरावपुस्तिकेने मात्र घात केला. जॅझच्या लिखाणात मायनरसाठी आडवी रेघ आणि मेजर सेव्हन्थसाठी छोटा त्रिकोण ही चिन्हे वापरण्याची पद्धत आहे. मी उतरवून घेतलेल्या प्रतीत काही पानांवरची रेघ छपाईत गळून गेली होती, त्यामुळे तिथे केवळ त्रिकोण उरला आणि मायनर-मेजरची साधी मेजर सेव्हन्थ झाली. आठवडाभर मी एक सराव शुद्ध गंधार घेऊन वाजवत होतो आणि शिक्षक ज्याला उदास म्हणतात ते मला इतके प्रसन्न का वाटते, याचा विचार करत होतो. कळवल्यावर नवी प्रत चार दिवसांत मिळाली, हे नमूद केले पाहिजे. परंतु ज्या अभ्यासक्रमाचा विषयच एका स्वराच्या फरकाचा आहे, त्यात चिन्हांची अशी हेळसांड अक्षम्य आहे.

अभ्यासक्रमाचा खरा गाभा तिसऱ्या आणि चौथ्या पाठांत आहे. मायनर कॉर्ड धरून ठेवायची आणि तिच्यातला एकच स्वर षड्जावरून अर्ध्या अर्ध्या स्वराने खाली उतरवायचा, ही पाश्चात्त्य गाण्यांतली जुनी युक्ती आहे. सा, शुद्ध नी, कोमल नी, शुद्ध ध असा तो उतार. या चार पायऱ्यांवर मायनर, मायनर-मेजर सेव्हन्थ, मायनर सेव्हन्थ आणि मायनर सिक्स्थ अशा चार कॉर्ड आपसूक तयार होतात, आणि आपल्या विषयाची कॉर्ड त्यात दुसऱ्या पायरीवर येते. 1937 सालच्या ‘माय फनी व्हॅलेंटाइन’ या गाण्याची सुरुवात याच उतारावर आहे आणि शिक्षकांनी तेच उदाहरण घेतले आहे. गिटारवर ए मायनर धरली तर हा उतार डोळ्यांनाही दिसतो: जी तारेवरचे बोट दुसऱ्या पडद्यावरून पहिल्यावर येते आणि मग ती तार मोकळी सुटते, बाकीचा हात जागचा हलत नाही. कीबोर्डवर तेच करायचे तर पांढरी सहा, काळी चार, पांढरी पाच आणि काळी तीन या पट्ट्या ओळीने खाली उतरायच्या.

इथपर्यंतचे ज्ञान कुठल्याही फुकटच्या व्हिडिओत मिळेल. शिक्षकांचे कसब पुढे दिसते. ते हाच उतार तीन जागी वाजवून दाखवतात: आधी बेसमध्ये, म्हणजे सर्वांत खालच्या स्वरात, मग कॉर्डच्या पोटात, आणि शेवटी सर्वांत वरच्या स्वरात. उतार बेसमध्ये असला की गाणे जिना उतरल्यासारखे वाटते आणि दुसऱ्या पायरीवरच्या निषादाचा काटा जवळजवळ टोचत नाही, कारण बेसचा स्वर चालता आहे हे कानाला कळलेले असते. पोटात ठेवला तर गायकाला अडथळा न होता साथीत रंग बदलत राहतो. वरच्या स्वरात ठेवला की मात्र तो गाण्याच्या चालीशी स्पर्धा करू लागतो आणि गायक त्रासतो. हा शेवटचा इशारा शिक्षकांनी केवळ एका वाक्यात दिला आहे, मला त्याची किंमत एका तालमीत मोजावी लागली, तेव्हा गायिकेने अंतरा मध्येच थांबवून, “दादा, तुम्ही मला दुसरंच काहीतरी गायला सांगताय का?” असे विचारले. पंचमापासून वर चढणारी ओळ, म्हणजे प, कोमल ध, शुद्ध ध, ही याच्यासारखीच वाटली तरी तिच्यात ही कॉर्ड येत नाही, हा फरकही चौथ्या पाठात नीट दाखवला आहे. अनेक जण या दोन्हींची गल्लत करतात आणि मीही त्यांपैकीच एक होतो.

आता जाहिरातीत गाजवलेल्या भागाविषयी. पाचवा, सहावा आणि सातवा असे तीन पाठ ‘भय आणि गूढ’ या विषयाला दिले आहेत. 1960 सालच्या ‘सायको’ या चित्रपटाचे केवळ तंतुवाद्यांवर रचलेले पार्श्वसंगीत, त्याआधीच्या 1958 सालच्या ‘व्हर्टिगो’चे गोल गोल फिरणारे आरंभसंगीत, या दोन्हींमध्ये संगीतकार बर्नार्ड हरमन यांनी ही कॉर्ड इतक्या ठळकपणे वापरली की तिला दिग्दर्शकाच्या नावावरून हिचकॉक कॉर्ड असे टोपणनावच मिळाले. 1962 साली आलेल्या पहिल्या जेम्स बाँड चित्रपटातली ती प्रसिद्ध धून गिटारच्या ज्या कॉर्डवर संपते, तीही हीच, फक्त तिच्यात वरून रिषभ घातलेला आहे. हे सगळे खरे आहे आणि ऐकायला रंजकही आहे. पण तीन पाठ संपल्यावर विद्यार्थ्याच्या हाती काय उरते? ही कॉर्ड भीतीची आहे, हेरांची आहे, एवढे. तीच कॉर्ड उताराच्या दुसऱ्या पायरीवर असताना विरहाची वाटते, आणि जॅझ पियानोवादक हॉरस सिल्व्हर यांच्या ‘निकाज ड्रीम’मध्ये, जिथे एका स्वराच्या अंतरावरच्या अशा दोन कॉर्डांवर चाल आलटून पालटून झुलत राहते, तिथे ना भय वाटते ना विरह, तर एक संथ, उबदार डौल जाणवतो. कॉर्डला स्वतःचा असा रस नसतो. ती किती वेळ थांबते, तिच्यानंतर काय येते आणि ती कोणत्या लयीत वाजते यावर तो ठरतो. चौथ्या पाठात हे ज्या शिक्षकांनी प्रत्यक्ष दाखवले, तेच पाचव्या पाठात ते विसरतात, याचे आश्चर्य वाटते. बहुधा विक्रीसाठी चित्रपटांची नावे लागतात.

आठवा पाठ मी सहा वेळा पाहिला. त्यात स्वर कसे मांडायचे, म्हणजे इंग्रजीत ज्याला व्हॉइसिंग म्हणतात, ते शिकवले आहे. पहिला नियम असा की निषाद षड्जाच्या खाली ठेवून वर षड्ज वाजवू नये. षड्ज खाली आणि निषाद वर असेल तर त्यांच्यातले अंतर रुंद आणि सुसह्य असते. उलटे केले की ते अर्ध्या स्वरावर येते किंवा सप्तकापलीकडे जाऊन अर्ध्या स्वराने वाढते, आणि ही दुसरी मांडणी सर्वांत कर्कश ऐकू येते. दुसरा नियम असा की मंद्र सप्तकात हे चारही स्वर एकत्र कोंबू नयेत, कारण तिथे ते केवळ घरघर करतात. या दोन नियमांतून निघणारी मांडणी म्हणजे खाली पंचम, मग षड्ज, कोमल गंधार आणि सर्वांत वर निषाद. ही मांडणी हार्मोनियमवरही उत्तम वाजते, आणि माझ्या मते या संपूर्ण अभ्यासक्रमातली सर्वांत उपयोगी गोष्ट हीच आहे.

त्यानंतर येते ते थोडे वरच्या पातळीचे आहे. बेस वाजवणारा कोणी सोबत असेल, तर कीबोर्डवाल्याने षड्ज सोडून द्यावा आणि डाव्या हातात कोमल गंधार, पंचम, निषाद व वरचा रिषभ एवढेच धरावे. गंमत अशी की हाच हात तसाच ठेवून बेसचा स्वर बदलला, तर कॉर्डचे नाव आणि काम दोन्ही बदलतात. बेसमध्ये पांढरी एक असेल तर ती आपली मायनर-मेजर. पांढरी चार आली की तीव्र मध्यमाचा रंग असलेली एफ सेव्हन्थ. पांढरी सहा आली की ए हाफ-डिमिनिश्ड, म्हणजे पंचम अर्धा स्वर उतरलेली मायनर सेव्हन्थ. आणि पांढरी सात आली की बी ऑल्टर्ड, म्हणजे रिषभ-पंचम जागचे हलवलेली सेव्हन्थ, जी ई मायनरकडे ओढ घेते. बोटांचा एक आकार चार ठिकाणी चालतो. जॅझ वाजवणाऱ्यांना हे ठाऊक असणारच, पण माझ्यासारख्याला ते कळले तेव्हा मी कीबोर्ड बंद करून थोडा वेळ नुसता बसून राहिलो होतो. एवढ्या मोठ्या गोष्टीला शिक्षकांनी नऊ मिनिटे दिली आहेत आणि हेरपटांना चाळीस, ही वेळेची वाटणी उलटी हवी होती.

नववा पाठ अवघा सात मिनिटांचा आहे, पण साथ करणाऱ्याने तो चुकवू नये. गाण्याची चाल षड्जावर थांबलेली असताना तिच्याखाली मायनर-मेजर सेव्हन्थ वाजवली, तर कॉर्डमधला निषाद आणि गायकाचा षड्ज एकमेकांना घासतात आणि गायक बेसूर असल्याचा भास होतो. चाल निषादावर, गंधारावर, पंचमावर किंवा रिषभावर असेल तर ती खुलते. शुद्ध धैवतावरही चालते. कोमल धैवतावर मात्र कॉर्डमधला पंचम त्रास देतो. यातून एक कामचलाऊ नियम हाती लागतो: कॉर्ड ठरवण्याआधी गायक कोठे न्यास करतो, म्हणजे कोणत्या स्वरावर थांबतो, ते पाहावे.

आणि येथेच माझ्यासारख्या विद्यार्थ्याची या अभ्यासक्रमाशी फारकत होते. कोमल गंधार आणि शुद्ध निषाद यांची जोडी आपल्या कानांना मुळीच नवी नाही. भीमपलासातला निषाद शुद्ध केला की पटदीप होतो. ‘मर्मबंधातली ठेव ही’ हे ‘संन्यस्त खड्ग’मधले पद ज्याने ऐकले आहे, त्याने ही जोडी मनापासून ऐकलेली आहे. किरवाणीचे स्वर म्हणजे पाश्चात्त्यांचा हार्मोनिक मायनर, आणि कर्नाटक पद्धतीत तो 21 वा मेळकर्ता, म्हणजे मूळ स्वरमेळ. त्यात धैवत शुद्ध केला की 23 वा मेळकर्ता गौरीमनोहरी, म्हणजे जॅझमधला मेलडिक मायनर. मधुवंतीत याच जोडीला तीव्र मध्यमाची सोबत मिळते. अभ्यासक्रम परदेशी शिक्षकाचा आहे, त्याने यातले काही सांगावे अशी अपेक्षा मी ठेवली नव्हती. पण स्केलांची चर्चा असलेला दहावा पाठ मेलडिक मायनरचे सात प्रकार घाईघाईने वाजवून संपतो आणि त्यात स्वरांची चलने कशी असतात, कोणता स्वर थांबतो आणि कोणता धावतो, याविषयी एकही शब्द नाही, ही उणीव कोणत्याही देशातल्या विद्यार्थ्याला जाणवेल.

म्हणून उरलेला अभ्यास मी स्वतः केला. पटदीपाच्या आरोहात रिषभ आणि धैवत वर्ज्य आहेत. चाल मध्यम-पंचमावरून थेट निषादावर जाते आणि तिथे क्षणभर रेंगाळून षड्जाला मिळते. त्या रेंगाळण्याखाली मायनर-मेजर सेव्हन्थ ठेवली आणि षड्ज लागताच निषाद काढून नुसती मायनर केली, तर रागाला कोठेही धक्का लागत नाही. उलट निषादाची ओढ साथीतूनही ऐकू येते. किरवाणीत हे तितके सहज जमत नाही, कारण तिथे चाल कोमल धैवतावर वारंवार येते आणि पंचमाशी भांडण सुरू होते. अशा जागी मी कॉर्डमधला पंचम गाळून तीनच स्वर ठेवतो. माझ्याहून जाणकार वादकांना यावर वेगळी उत्तरे सुचतील. नाट्यगीताच्या साथीत कॉर्ड वाजवूच नयेत असे मानणारे रसिक आहेत, त्यांच्या मताचा मला आदर आहे, आणि तंबोरा लागलेला असताना मी स्वतः ते पाळतोही.

तंबोऱ्याचा उल्लेख आला म्हणून एक गोष्ट नोंदवतो. कीबोर्डचा कोमल गंधार षड्जापासून 300 सेंटांवर असतो (सेंट म्हणजे कीबोर्डवरच्या अर्ध्या स्वराचा शंभरावा भाग), तर नैसर्गिक सुमारे 316 वर; कीबोर्डचा निषाद 1,100 वर, तर नैसर्गिक सुमारे 1,088 वर. म्हणजे एक स्वर उतरलेला आणि दुसरा चढलेला, त्यामुळे त्या दोघांमधले अंतर, जे नैसर्गिक स्वरांत सुमारे 773 सेंट असते, ते कीबोर्डवर 800 होते. या कॉर्डची धार कीबोर्डवर अधिक जाणवते त्याला हेही एक कारण आहे, आणि चार गायकांनी ती गाऊन पाहिली तर ती बरीच मऊ ऐकू येते. शिक्षकांनी याला हात घातलेला नाही, आणि त्यांच्या विद्यार्थ्यांना त्याची गरजही नसावी.

बॅकिंग ट्रॅकबद्दल थोडक्यात सांगता येईल. ध्वनिमुद्रण स्वच्छ आहे, बेस आणि ड्रम माणसांनी वाजवलेले आहेत, यंत्राचे नाहीत. परंतु बाराही ट्रॅक एकाच मध्य लयीत आहेत आणि बहुतेक सी व ए या दोनच सुरांत, म्हणजे पांढरी एक आणि पांढरी सहामध्ये. काळी दोन किंवा काळी चारमध्ये गाणाऱ्या गायकांबरोबर ज्याला बसायचे आहे, त्याला ते सूर बदलणाऱ्या एखाद्या अॅपमधून फिरवून घ्यावे लागतील. अकरावा पाठ म्हणजे आधीच्या दहांची उजळणी आहे, तो मी अर्ध्यावर सोडला.

ज्याला कॉर्डची ओळख नुकतीच झाली आहे, त्याने हा अभ्यासक्रम घेऊ नये. पहिले दोन पाठ त्याला आवडतील आणि आठव्यात तो हरवेल. पाश्चात्त्य चित्रपटसंगीताच्या ओढीने येणाऱ्याचाही अपेक्षाभंग होईल. पण ज्याला मायनर गाण्यांच्या साथीत दर वेळी त्याच तीन कॉर्ड वाजवून कंटाळा आला आहे, अशा कीबोर्ड किंवा गिटारवादकाने सवलतीची वाट पाहून तो अवश्य घ्यावा. मी विकत घेतल्यानंतर महिन्याभरातच त्याची किंमत 1,500 रुपयांवर आली होती, आणि तो योग्य भाव आहे. पाहण्याची मुदत एक वर्षाची आहे, इंग्रजी सावकाश आणि समजण्यासारखे आहे, उपशीर्षके आहेत. तिसरा, चौथा, आठवा आणि नववा हे पाठ त्याच क्रमाने पाहावेत आणि सरावपुस्तिकेची प्रत उतरवून घेतल्यावर चौदाव्या पानापासून पुढे प्रत्येक त्रिकोणाच्या आधी रेघ आहे की नाही, हे तपासून घ्यावे.